सॉफ्टवेअर निवडताना ऑपरेटरला विचारा

संपादक पुण्यात, मुद्रितशोधक सांगलीत, चित्रकार म्हापशाला, अनुवादक न्यू जर्सीत, अक्षरजुळणी करणारा ऑपरेटर नाशिकला स्वतःच्या घरी आणि जाहिरातींचं बघणारा माणूस दिवसभर गाडीवर. दिवाळी अंक असो, छोटी प्रकाशनसंस्था असो की अनुवादाची कामं घेणारा गट, हल्ली बहुतेकांचा संसार असाच विखुरलेला असतो. पूर्ण पगारावर एखाददुसराच, बाकीचे कामापुरते. ऑफिस म्हणून खोली असलीच तर तिथे जुन्या अंकांचे गठ्ठे. ऑगस्ट उजाडला की या टीममध्ये दिवसातून चारदा एकच प्रश्न विचारला जातो: ‘ती कथा सध्या कुणाकडे आहे?’ उत्तरासाठी तीन फोन होतात. चौथ्या फोननंतर कुणीतरी म्हणतं, आपण एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाकू.

जरूर घ्यावं. पण कोणतं घ्यायचं ते ठरवतो टीममधला सगळ्यात हौशी माणूस. तो यूट्यूबवर तुलना पाहतो, रंगीबेरंगी बोर्ड तयार करतो, सगळ्यांना आमंत्रणं धाडतो आणि थोड्याच दिवसांत तिथे एकटा उरतो. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. जो माणूस हे सॉफ्टवेअर सर्वांत कमी उघडणार आहे, त्याला डोळ्यांसमोर ठेवून निवड करा. आपल्या टीममध्ये तो बहुधा ऑपरेटर असतो. त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर इनडिझाइन नाहीतर कोरलड्रॉ उघडं असतं, निरोप तो फोनवर वाचतो आणि तुमच्याखेरीज इतर प्रकाशकांचीही कामं त्याच्यापुढे रांगेत असतात. त्याने नोंद केली नाही, तर बाकी सगळ्यांनी मन लावून भरलेल्या नोंदी निरुपयोगी होतात, कारण काम प्रत्यक्षात त्याच्याच टेबलावर अडलेलं असतं.

कोणतंही सॉफ्टवेअर कुणासाठी घडलं, तेही आधी बघावं. स्लॅकचा जन्म एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत झाला. गेम चालला नाही, पण तो बनवताना आपापसांत बोलायला केलेलं साधन चाललं. जिरा २००२ साली आलं ते सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवायला. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या, इंग्रजीत काम करणाऱ्या, एकाच कंपनीच्या पगारावर असलेल्या माणसांच्या सवयी या साधनांमध्ये मुरलेल्या आहेत. ती वाईट नाहीत. पण मुद्रितशोधन करणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला ‘बॅकलॉग’ आणि ‘स्प्रिंट’ शिकवायला बसणं म्हणजे अंक बाजूला ठेवून शिकवणी घेणं.

बोलणं वेगळं, काम वेगळं

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात एक साधा हिशेब मांडला होता. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. माणसं दुप्पट झाली की बोलणं साडेचारपट होतं. एका छताखाली हे खपून जातं, कारण निम्म्या गोष्टी नुसत्या कानांवर पडतात. घरोघरी बसलेल्या माणसांच्या कानांवर काहीच पडत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरने बोलण्याची सोय वाढवण्यापेक्षा बोलण्याची गरज कमी करायला हवी. ‘कथा कुणाकडे आहे’ हे न विचारता दिसलं पाहिजे. निवडीची खरी कसोटी हीच.

याचा अर्थ व्हॉट्सॲप सोडायचं असा नाही. ते कुणी सोडणारही नाही. ते मराठीत आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, रेंज जेमतेम असली तरी निरोप जातो आणि ज्येष्ठ लेखक दोन-दोन मिनिटांचे आवाजी निरोप त्यावरच पाठवतात. अडचण एवढीच, की तिथे सगळं वाहून जातं. ‘पान ४२ वरची चौकट काढा’ हा निरोप आणि सुप्रभातचं फूल एकाच प्रवाहात असतात. काय सांगितलं ते शोधून सापडतं. ते झालं का, हे कुठेच दिसत नाही. चित्रांचं तर सरळ नुकसान होतं. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप आवळून टाकतं. पडद्यावर ते सुरेख दिसतं, पण छपाईला लागणाऱ्या ३०० डीपीआयच्या हिशेबात ते बसेनासं होतं. चित्रकाराला पहिल्याच दिवशी सांगा की चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं. तशी दोन जीबीपर्यंतची फाइल मूळ रूपात जाते. गूगल ड्राइव्हवर थेट चढवली तर आणखी बरं.

व्हॉट्सॲप राहू द्या, पण एक नियम करा आणि तो संपादकानेही पाळावा: तिथे कितीही बोला, ठरलेली गोष्ट कामाच्या फळ्यावर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कामांच्या नोंदीत, लिहिली जाईपर्यंत ठरली असं मानायचं नाही. फोनवर ठरलं तरी तेच. आवाजी निरोपातलं काम कुणीतरी एका ओळीत फळ्यावर उतरवायचं, आणि ते कुणी उतरवायचं हेही आधी ठरवायचं.

बोलण्यासाठी स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा झोहो क्लिक घ्यावं का? दिवसभर पडद्यासमोर बसणारे चार-पाच जण असतील तर घ्या. विषयवार वेगळे कप्पे करता येतात, ही त्यांची मोठी सोय. झुलिपमध्ये तर प्रत्येक निरोपाला विषय देण्याचीच रीत आहे, त्यामुळे दोन दिवसांनी येणाऱ्यालाही धागा सापडतो. मात्र फुकटच्या योजनांमधल्या अटी आपल्या कामाच्या कालगणनेशी ताडून बघा. स्लॅकच्या फुकट योजनेत नव्वद दिवसांपूर्वीचे निरोप दिसत नाहीत आणि वर्षापूर्वीचे पुसलेच जातात. दिवाळी अंकाचं काम जूनमध्ये सुरू होतं. लेखकाशी तेव्हा ठरलेलं मानधन ऑक्टोबरमध्ये पाहायला गेलात तर पडदा कोरा. झूमच्या फुकट बैठका चाळीस मिनिटांत तुटतात आणि गूगल मीटवर तिघे किंवा त्याहून जास्त जण असतील तर साठ मिनिटांत. संपादकीय बैठकांच्या बाबतीत मी हे वरदान समजतो.

फळा कसा असावा

कामाची नोंद ठेवायला ट्रेलो, आसना, झोहो प्रोजेक्ट्स, नोशन, क्लिकअप अशी अनेक नावं पुढे येतात. दहाच्या आतली टीम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी गूगल शीटवर एक अंक काढून बघा. एका ओळीत एक मजकूर. रकाने असे: शीर्षक, लेखक, सध्या कुणाकडे, पुढची तारीख, पानं, चित्र हवं की नको, फाइलचा दुवा. सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘सध्या कुणाकडे’, आणि त्यात एकच नाव असलं पाहिजे. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच उरत नाही. शीट फोनवर उघडते, शिकवावी लागत नाही आणि रुपयाचाही खर्च नाही. शीट कमी पडायला लागली, की ती नेमकी कशासाठी कमी पडते तेही कळतं, आणि पुढची निवड त्या अनुभवावर करता येते.

मजकुरांची संख्या साठ-सत्तरच्या पुढे गेली, किंवा एका वेळी दोन-तीन पुस्तकं हातात असली, की ट्रेलोसारखा फळा सोयीचा पडतो. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पाट्यांवरून आलेली आहे. प्रत्येक कामाची एक पाटी, आणि काम पुढे सरकलं की पाटीही पुढच्या रांगेत. रांगांना इंग्रजी तयार नावं असतात, ती पहिल्याच दिवशी पुसून टाका आणि आपली लिहा: मागवलं, आलं, संपादन, ऑपरेटरकडे, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, लेखकाकडे, पानं लागली, छपाईला. ऑपरेटरला हे न सांगता समजतं, कारण तो याच शब्दांत काम करतो. ट्रेलोच्या फुकट योजनेत एका वर्कस्पेसमध्ये दहा बोर्ड आणि दहा माणसं बसतात, अकराव्याला पैसे मोजावे लागतात. या मर्यादा कंपन्या हवं तेव्हा बदलतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी दरांचं पान स्वतः वाचा.

‘ऑपरेटरकडे’ ही रांग मात्र जपून हाताळा, कारण तिथे एक गोष्ट घडते जी कोणतंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. संपादन होईपर्यंत मजकुराची खरी प्रत गूगल डॉकमध्ये असते. ऑपरेटरने तो मांडणीत घेतला, की त्या क्षणापासून खरी प्रत त्याच्या फाइलमध्ये गेलेली असते. हे माहीत नसलेला लेखक रात्री डॉक उघडून दोन वाक्यं सुधारतो, समाधानाने झोपतो आणि छापून आलेला अंक पाहून संपादकावर रागावतो. म्हणून पाटी त्या रांगेत गेली की त्याच दिवशी डॉकवरचा सगळ्यांचा ‘एडिटर’ अधिकार काढून ‘व्ह्यूअर’ करा. यापुढच्या दुरुस्त्या फक्त प्रूफच्या पीडीएफवर. ड्राइव्हमध्ये पीडीएफवर टिपणं देता येतात. ज्यांना कागदावर लाल पेनानेच काम जमतं, त्यांनी पानाचा स्वच्छ फोटो काढून त्याच पाटीला जोडावा. लाल पेनाची सवय मोडायला जाऊ नका. चांगला मुद्रितशोधक मिळणं सॉफ्टवेअर मिळण्यापेक्षा फार कठीण आहे.

देवनागरीची परीक्षा

तुलनेच्या इंग्रजी लेखांत या गोष्टीचा उल्लेखही सापडणार नाही, आणि मराठी टीम नेमकी इथेच अडते. पहिली परीक्षा शोधाची. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा ‘र’ घेऊन त्याला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून दोघांनी आपापल्या फोनवरून असा शब्द असलेली पाटी तयार करावी आणि तिसऱ्याने शोधून बघावी. दोन्ही सापडल्या तर उत्तम. एकच सापडली तर सॉफ्टवेअर टाकून द्यायची गरज नाही. प्रत्येक मजकुराला क्रमांक द्या आणि क्रमांकानेच शोधा.

दुसरी परीक्षा जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडच्या जगात आणला की कचरा दिसतो. अजूनही काही लेखक तशाच फाइली पाठवतात आणि काही ऑपरेटरांची सगळी मांडणी त्यावरच बेतलेली असते. इथे वाद घालत बसू नका, सीमा आखा. संपादन पूर्ण होईपर्यंत सगळं युनिकोडमध्ये. रूपांतर करायचंच असेल तर ते एकदा, ऑपरेटरच्या हातून, आणि त्यानंतर लगेच एक प्रूफ, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. ऑपरेटर युनिकोडवर यायला तयार असेल तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू आहे ना, ते त्याच्याकडून बघून घ्या. त्याशिवाय जोडाक्षरं तुटतात आणि मग दोष उगाच फॉन्टच्या माथी येतो.

तिसरी गोष्ट फोनची. डेमो नेहमी मोठ्या पडद्यावर दाखवतात. तुम्ही मात्र टीममधला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि एसटी स्टँडवर उभं राहून एक पाटी पुढच्या रांगेत सरकवून बघा. तिथेच त्या फोनवर एक लांब शीर्षक वाचून बघा. वेलांटी-उकार कापले जातात का, अर्धं शीर्षक दिसेनासं होतं का, ते लगेच कळतं. जाहिरातींचं बघणारा माणूस असाच काम करणार आहे. रेंज नसताना लिहिलेलं नंतर आपोआप चढतं की हरवतं, हेही तेव्हाच तपासून घ्यावं.

पैशाचं गणित

दर ‘माणशी, महिन्याला’ असे लिहिलेले असतात, त्यामुळे ते लहान वाटतात. उदाहरणादाखल माणशी तीनशे रुपये धरा. नऊ माणसांचे महिन्याचे २,७०० आणि वर्षाचे ३२,४०० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ३८,२३२. सल्लागार आणि डिझाइन संस्थांना हा कर पुढे वळता करून घेता येतो. छापील पुस्तकं आणि नियतकालिकं यांच्या विक्रीवर जीएसटी नाही. म्हणून निव्वळ प्रकाशन करणाऱ्याला सॉफ्टवेअरवर भरलेला कर सहसा परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. जाहिरातींचं उत्पन्नही असेल तर गणित थोडं वेगळं होतं. ते आपल्या सीएकडून समजून घ्या.

या नऊ जणांतले वर्षभर कामाला असणारे किती? चित्रकार दोन महिने येतो, अनुवादक एका पुस्तकापुरता. वार्षिक योजना स्वस्त दिसते, पण ती नऊच्या नऊ जणांसाठी घेतली तर रिकाम्या खुर्च्यांचं भाडं भरल्यासारखं होतं. पाहुणा म्हणून फुकट घेता येतं का, मधेच माणूस कमी केला तर पैसे कमी होतात का, हे दोन प्रश्न विक्री करणाऱ्याला लेखी विचारा.

परदेशी कंपनीला कार्डावरून दरमहा पैसे देण्यातही एक खोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी मंजुरी नोंदवावी लागते. ज्या परदेशी संकेतस्थळांवर ही सोय नसते तिथे कार्ड नाकारलं जातं, आणि ते नेमकं प्रूफच्या आठवड्यात घडतं. रुपयांत बिल देणारी, जीएसटीचं रीतसर बीजक देणारी सेवा निवडली तर ही कटकट टळते. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि आपली झोहो तिन्ही तशी सोय देतात. झोहोची माहितीकेंद्रं भारतातही आहेत, हेही काही संस्थांना महत्त्वाचं वाटतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती घरातली शिस्त. लेखकांचे पॅन आणि बँक खात्यांचे क्रमांक सगळ्यांना उघड्या शीटमध्ये किंवा ग्रुपवर ठेवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर हा निष्काळजीपणा परवडणारा नाही.

आपल्या सर्व्हरवर चालवता येणारी मुक्त सॉफ्टवेअरही आहेत: नेक्स्टक्लाउड, मॅटरमोस्ट, बैठकांसाठी जित्सी. टीममध्ये सर्व्हर सांभाळणारा आणि रात्री फोन उचलणारा माणूस असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

एका मोहाला मात्र बळी पडू नका. दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो काढणारी, माऊस किती हलला ते मोजणारी पाळतीची साधनंही टीमसाठीचं सॉफ्टवेअर या नावाखाली विकली जातात. मायक्रोसॉफ्टने २०२० साली आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये माणसागणिक आकडे दाखवले तेव्हा एवढी टीका झाली की काही दिवसांतच त्यांनी त्यातून व्यक्तींची नावं काढून टाकली. मुद्रितशोधकाचा माऊस तर तासन्‌तास हलतच नाही. तो वाचत असतो.

सुरुवात आणि बाहेर पडण्याची वाट

नवं साधन सुरू करायची वेळ जूनची, फार तर जुलैची. सप्टेंबरमध्ये सुरू केलेलं कोणतंही सॉफ्टवेअर अंक निघेपर्यंत कुणी उघडत नाही आणि अंक निघाल्यावर कुणाला आठवत नाही. खोटी कामं टाकून सराव करू नका. एक खरा विभाग घ्या, समजा फक्त कविता, आणि त्या मागवण्यापासून पानं लागेपर्यंत तिथेच चालवा. संपादकाने फोनवर ‘कुठपर्यंत आलं?’ असं विचारायचं नाही, फळाच उघडायचा. फळ्यावर उत्तर नसेल तर ज्याच्या नावावर पाटी आहे त्याला तिथेच विचारायचं. संपादक फोन करत राहिला तर बाकीचेही फळा भरत नाहीत. हे महिनाभर चाललं की ऑपरेटरला विचारा: काय नकोसं वाटतं? तो जे सांगेल ते काढून टाका, मग ते रंगीत लेबल असो की तुम्ही हौसेने जोडलेलं कॅलेंडर.

अमेरिकेतल्या अनुवादकासाठी बैठकीची वेळ तोंडी ठरवू नका, कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. आपलं घड्याळ बदलत नाही, त्यांचं बदलतं.

खातं कुणाच्या नावावर आहे, हेही सुरुवातीलाच मिटवा. साध्या जीमेलवर ज्याने फाइल तयार केली तिची मालकी त्याचीच राहते. तो टीम सोडून गेला आणि त्याने खातं बंद केलं, तर दहा वर्षांचे अंक त्याच्याबरोबर जातात. दोन वर्षं न वापरलेली खाजगी खाती गूगल पुसूही शकतं. संस्थेच्या नावाने एक खातं काढा, मूळ फाइली त्यातच तयार करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि किल्ल्या दोघांकडे ठेवा.

सॉफ्टवेअरही बंद पडतात, अगदी मोठ्या घरचीही. मायक्रोसॉफ्टने वंडरलिस्ट विकत घेतलं आणि २०२० मध्ये मिटवलं. गूगलचं हँगआउट्स २०२२ मध्ये गेलं, करंट्स २०२३ मध्ये, जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीला. फेसबुकच्या कंपनीने आपलं वर्कप्लेस आवरतं घेतलं. तेव्हा पैसे भरण्याआधी, सरावातल्या त्या कविताविभागाची सगळी माहिती बाहेर काढून बघा. ‘एक्सपोर्ट’ कुठे आहे, त्यातून काय मिळतं आणि ते कोणत्या योजनेत मिळतं, ते तपासा. ट्रेलोच्या फुकट योजनेत जेसन फाइल मिळते, जी माणसाला वाचायला अवघड असते. रकान्यांची सीएसव्ही हवी तर पैसे भरावे लागतात. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. फाइल बिघडली असं समजून ती पुसू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ती आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा, किंवा सरळ गूगल शीटमध्ये उघडा. अक्षरं जागच्या जागी येतात.